दिनेशच्या कपड्यांची सतरंजी

गडब, ६ फेब्रुवारी २०२५

चि. निशिगंधास,
मैनाचा आशीर्वाद.

पत्र तू काम करतेस त्या कपड्याच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकते आहे, घरच्या नाही. फोन केला की तुझा भाऊ साहिल स्पीकर लावतो. मग तू "बरी आहे आई" म्हणतेस आणि मी "जेवलीस का" विचारते. जेवलीस का विचारता विचारता सव्वा वर्ष गेलं. अक्षर वाचून घे. दिनेश पहिलीत असताना त्याच्याच पुस्तकावरून मी शिकले, म्हणून ते अजून पहिलीतल्या पोरासारखंच आहे.

माझं काम चालू आहे. सकाळी गडबच्या नाक्यावर मिनीडोर धरते, पेणला उतरून दुसरी, की हमरापूर. मिथुनच्या कारखान्यात गणपतीच्या मूर्ती घासते. पॉलिशपेपरने हाताच्या रेषा गेल्या. माझ्याशेजारी घासायला बसते ती ठमाबाई म्हणते, "बरा झाला मैने, जोतिषाचा खर्च वाचला."

कारखान्याच्या मागच्या कोपऱ्यात तो हातमाग अजून उभा आहे. बायकांना चिंध्यांच्या सतरंज्या शिकवायला एक संस्था आली होती, तुझं लग्न झालं त्याच वर्षी. संस्था गेली, माग राहिला. बाकीच्या विसरल्या, मी विसरले नाही. काम सुटलं की तासभर त्यावर बसते. मी दिनेशच्या कपड्यांची सतरंजी विणायला घेतली आहे.

घरात त्याचं जे काही होतं ते फाडून बोटभर रुंदीच्या पट्ट्या केल्या. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, पांढऱ्या सुताचा आहे. त्यातून पट्टी घालायची, फणीने ठोकून बसवायची, परत पट्टी घालायची. माणूस निजला तर डोक्यापासून कमरेपर्यंत पुरेल एवढी झाली, आणि इथले कपडे संपले. तू रोह्याला गेलीस तेव्हा त्याची बॅग नेलीस. तीत सदरे होते, लुंगी होती, गंजिफ्रॉक होते. ते पाठव. निळ्या चौकटीचा सदरा नक्की पाठव.

मिथुनने पाडव्यापर्यंत जागा दिली आहे. पुढे मोठ्या मूर्ती साच्यातून निघायला लागल्या की त्याला कोपरा लागतो. परवा म्हणाला, "मावशी, बाप्पाला काय तुझ्या मागावर उभा करू?" पोरगा वाईट नाही. त्याचंही खरं आहे.

मैना

*

रोहा-अष्टमी, १७ फेब्रुवारी २०२५

ती. आईंस,
सा. न.

पत्र मिळालं. दुकानात शेठ म्हणाले, "आजकाल पत्र कोण लिहितं?" मी म्हटलं, माझ्या सासूबाई. मग काउंटरखाली बसून वाचलं.

आई, पाकिटावर आणि आत, दोन्हीकडे तुम्ही माझ्या नावामागे सौ. लिहिलं नाही. घाईत राहिलं असेल.

सतरंजीचं वाचून मला रडू आलं, पण बरं वाटून. मला वाटत होतं, लोकांच्या सांगण्यावरून तुम्ही ह्यांचे कपडे कुणाला देऊन टाकले असतील. तुम्ही ते सगळे एकत्र ठेवताय. आपल्या गडबच्या घरात खाटेच्या बाजूला फरशी गार असते. हे उठले की नेहमी पाय वर घ्यायचे. तिथे ती सतरंजी अंथरू. परत आल्यावर स्वतःच्याच सदऱ्यावर पाय ठेवला हे त्यांना कळलं की केवढे हसतील.

तुम्हाला सांगितलं नव्हतं, आता सांगते. दुकानात एक ट्रकवाला गिऱ्हाईक येतो. त्याला ह्यांचा फोटो दाखवला. तो म्हणाला, गुजरातच्या एका बंदरात असाच माणूस माल उतरवताना पाहिला, फक्त दाढी होती. आई, सव्वा वर्षात दाढी येणारच ना? धाटावच्या पुढे एक भगत आहे. त्यानेही न विचारता सांगितलं की माणूस पाण्यापलीकडे आहे, डोक्याला मार लागल्यामुळे घर विसरला आहे. मी सोमवार धरले आहेत.

लुंगी आणि दोन गंजिफ्रॉक पाठवते. सदरे साहिलने वापरायला घेतले, त्यामुळे ते नाहीत.

तब्येतीला जपा. पॉलिशची धूळ नाकात जाते, तोंडाला फडकं बांधत जा.

तुमची सून
सौ. निशिगंधा दिनेश

*

गडब, २ मार्च २०२५

चि. निशिगंधास,
आशीर्वाद.

लुंगी आणि गंजिफ्रॉक मिळाले. त्याच दिवशी फाडून मागावर घेतले.

साहिलला दिनेशचे सदरे होतात? दिनेश म्हणजे उभा बांबू. साहिलच्या एका बाहीत तो सगळा मावला असता. खोटं बोलायचं तर जरा बेताचं बोलावं गो.

सौ. घाईत राहिलं नाही. हात तिथे थांबला आणि पुढे गेला.

खाटेजवळ अंथरायचं तू लिहिलंस, ते वाचून मी पत्राची घडी घातली आणि बरेच दिवस उत्तर दिलं नाही. हिला कसं सांगावं हेच कळेना. आता लिहिते. ही सतरंजी अंथरायला नाही. जाळायला आहे.

पुरतं वाच, मग काय ते म्हण. दिनेश कामाला होता तो मालाचा बार्ज धरमतरच्या जेट्टीला लागत होता, दिनेश दोर टाकत होता, पाय सुटला आणि तो बार्ज आणि जेट्टीच्या मधल्या फटीत गेला. दोन माणसांनी डोळ्यांनी पाहिलं. ओहोटी लागली होती. त्या फटीतून वर आलेला माणूस कुणी ऐकला नाही. ठमाबाईचा जन्म खाडीकाठी गेला. तिला मी विचारलं, तर ती म्हणाली, "गेला तो गेला गो बाय. पाण्याला का आपली माया हाय?" तुझा ट्रकवाला काय, भगत काय, त्यांना तुझं तोंड बघवलं नाही म्हणून ते बोलले.

शरीर मिळालं नाही म्हणून आपण काहीच केलं नाही. दहावं नाही, तेरावं नाही. पेणच्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, पत्ता नसलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघतात, पण इथे बघणारे साक्षीदार आहेत, तेव्हा थांबायला नको. दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. मी म्हटलं, गवताच्या बाहुल्याला बघून मी कशी रडू? मी त्याला ओळखत नाही. मी दिनेशचे कपडे ओळखते, जन्मभर धुतले आहेत. गुरुजी म्हणाले, "पुतळा लागेलच, पण त्यावर तुमची सतरंजी गुंडाळा, माझी हरकत नाही."

म्हणून ती त्याच्या उंचीची व्हायला हवी आहे. म्हणून सदरे हवेत. आणि तू हवीस. तुझ्या बांगड्यांना कोणी हात लावणार नाही, कुंकू कोणी पुसणार नाही. दिनेशचे वडील गेले तेव्हा बायकांनी माझं जे केलं ते मी तुझं होऊ देणार नाही. तू नुसती उभी राहा आणि बघ. मग जा. मूलबाळ नाही, वय नाही, पुढे जा.

मैना

*

रोहा, ७ मार्च २०२५

आई,

तुम्ही मला फसवलंत. मी लुंगी धुऊन, इस्त्री करून पाठवली. तुम्ही ती फाडलीत, आणि ती सरणासाठी.

लुंगी परत पाठवा. गंजिफ्रॉक परत पाठवा. उसवा आणि पाठवा.

दोन माणसांनी पडताना पाहिलं. वर येताना कुणी पाहिलं नाही, म्हणजे ते वर आलेच नाहीत असं होतं का? त्या वेळी अंधार होता, हे त्याच दोघांनी सांगितलंय. तुम्ही त्यांच्या डोळ्यांवर विश्वास ठेवता आणि माझ्यावर नाही.

मी दर महिन्याला ह्यांच्या नंबरवर रिचार्ज मारते. फोन बंद लागतो, पण नंबर दुसऱ्या कुणाला गेलेला नाही. कुठे असतील तिथे त्यांना स्वतःचा नंबर आठवला तर तो चालू असायला हवा. घरात सगळे मला वेडी म्हणतात. साहिल म्हणतो, "ताई, त्यापेक्षा माझ्या फोनला मार." मी ऐकून घेते. पण त्यात तुम्हीसुद्धा असाल असं वाटलं नव्हतं. आईला आधी कळतं म्हणतात. तुम्हाला कळलं ते हेच का, की पोराचे कपडे फाडायला घ्यायचे?

आणि घाई कसली आहे तुम्हाला? मिथुनच्या गणपतींना जागा हवी म्हणून माझ्या नवऱ्याला जाळायचं?

बारा वर्षं थांबतात ना? मी थांबेन. सदरे माझ्याजवळ आहेत. देणार नाही.

निशिगंधा

*

गडब, २५ मार्च २०२५

चि. सौ. निशिगंधास,
आशीर्वाद.

तुला हवं म्हणून सौ. लिहिलं आहे.

लुंगी उसवली. विणलेलं उसवायला विणण्याहून जास्त वेळ लागतो. पट्टी ज्या वाटेने गेली त्याच वाटेने परत काढायची, एक बाजू, मग दुसरी बाजू. सोबत पट्ट्यांचा गुंडा पाठवते. गंजिफ्रॉक निघाले नाहीत. ते ठोकून इतके घट्ट बसले आहेत की ओढले तर तुटतात. लुंगीच्या पट्ट्या जोडल्यास तरी लुंगी होणार नाही, तू कपड्याच्या दुकानात आहेस, तुला मी काय सांगावं. पण तू मागितलीस, मी पाठवली.

सतरंजी पुन्हा आखूड झाली. मिथुनला हातापाया पडून पाडव्यानंतरचे थोडे दिवस मागून घेतले. मागाच्या दोन्ही बाजूंना आता मूर्ती उभ्या आहेत, अजून रंग नाही, डोळे नाहीत. मधल्या बोळातून मी अंग चोरून जाते. ठमाबाई म्हणाली, "धक्का लागून सोंड मोडलीस तर मिथून तुलाच मखरात बसवल."

घाई कसली ते विचारलंस. सांगते.

दिनेशचे वडील गेले तेव्हा मी त्यांना आंघोळ घातली. पाठीला हात लावला तर गार. पायाला लावला तर गार. डोक्याला कळायच्या आधी माझ्या हाताला कळलं. मग मी रडले ते खरं रडले, आणि दुसऱ्या दिवशी भात लावायला उतरले, कारण रोपांचं आवण काढून टाकलेलं होतं, ते कुणासाठी थांबणार नव्हतं. मी घट्ट होते म्हणून नाही. माझ्या हाताला पक्कं ठाऊक झालं होतं म्हणून.

तुझ्या हाताला काय मिळालं? दोन माणसं दारात उभी राहिली, चहा न घेता सांगून गेली. तीन दिवस होडी फिरली. पोलिसांचा एक कागद झाला. तुझ्या हाताला काहीच लागलं नाही, मग त्याला कसं पटणार? मी म्हटलं, शरीर नाही तर नाही, त्याच्या अंगाला लागलेलं जे जे आहे ते एका जागी आणू, त्याच्याएवढं करू. तू त्याला हात लावशील, मी लावीन. मग ते जाईल. जाताना दिसेल. एवढीच माझी अक्कल चालली.

मला घाई आहे कारण तू सत्तावीसची आहेस आणि मी वाट बघणाऱ्या बाया बघितल्या आहेत. त्या म्हाताऱ्या होत नाहीत, वाळतात.

सदरे देऊ नकोस. मी मागणार नाही.

मैना

*

रोहा, ५ एप्रिल २०२५

ती. आईंस,
सा. न.

लुंगीच्या पट्ट्या मिळाल्या. उशीखाली ठेवल्या आहेत.

मी फार बोलले. माफ करा असं लिहिणार होते, पण ते खरं होणार नाही, मला अजून राग आहे. तरी तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. आवणाचं वाचून माझ्या डोळ्यांपुढे तुम्ही आलात, गुडघाभर चिखलात.

निळ्या चौकटीचा सदरा पाठवते आहे. विणा. दुसरं काही देणार नाही, पण हा घ्या. तुमची एवढी मेहनत आखूड राहू नये.

इथे रविवारी पाहुणे आले होते. मला बघायला आले आहेत हे मला पोहे हातात दिल्यावर कळलं. नागोठण्याचा माणूस आहे, कंपनीत शिफ्टला जातो, त्याची बायको वारली. त्याने मला एकच विचारलं, "तुम्ही अजून मंगळसूत्र घालता?" मी म्हटलं, "हो, माझं लग्न झालेलं आहे." पोहे तसेच राहिले. आई, माझी आई, त्यांच्यासमोरच रडायला लागली.

यायचं काही सांगता येत नाही.

सौ. निशिगंधा

*

गडब, १९ एप्रिल २०२५

चि. सौ. निशिगंधास,
आशीर्वाद.

सदरा मिळाला. उलगडून बघितला. तोच निळा, त्याच चौकटी. कॉलर दगडावर घासून विटवली आहेस, कोपराला झिजवला आहेस, बरेचदा धुतला आहेस. पण हा त्याचा नाही.

लहानपणापासून गळ्याशी काही आवळलं की दिनेश घाबरा व्हायचा. म्हणून त्याचा कुठलाही नवा सदरा आला की वरचं बटण मी कापून टाकायची, मग तो पाण्यात घालायची. तुला वाटलं असेल त्याच्याचकडून तुटतं. या सदऱ्याला बटण आहे, दुकानातून आलं तसंच, मूळच्या दोऱ्याने शिवलेलं.

मी रागावले नाही. एक सदरा वाचवायला दुसरा विकत घ्यायचा आणि बसून तो जुना करायचा, एवढी माया मी कुणी केलेली बघितली नाही. पण हा मी विणला नाही. दिनेशच्या अंगाला न लागलेलं त्यात घालायचं नव्हतं. परत पाठवू की मिथुनला देऊ ते कळव. साहिलला होणार नाही.

मग उरलेली लांबी कशाने भरली ते सांगते. बार्जवरच्या माणसांनी त्याची पेटी आणून दिली होती. तीत त्याची जुनी वर्दी होती. ती मी विणणार नव्हते, तीच घालून तो कामाला जायचा म्हणून तिच्यावर माझा राग होता. पण दुसरं काही उरलं नव्हतं. फाडायला गेले तर फाटेना. कसलं कापड असतं देव जाणे. कात्रीने कापली. पायाकडचा भाग सगळा वर्दीचा झाला.

परवा संपली. शेवटची पट्टी बसल्यावर साध्या सुताच्या काही ओळी भरल्या, नाहीतर पट्ट्या निसटतात. मग ताणा कापायचा. तो एकदम कापायचा नसतो. थोडे धागे कापायचे, लगेच गाठ मारायची, मग पुढचे. सगळा एकदम कापला तर विणलेलं सैल पडतं. मी कापत होते, ठमाबाई गाठी मारत होती. रंगाच्या बाया हात पुसत भोवती जमल्या. मध्येच ठमाबाई म्हणाली, "मैने, जालायचीच हाय ना? मंग येवढ्या गाठी कशाला?"

मी म्हटलं, "त्याला सुटलेला नाय न्यायचा." मग तिने पुढचे धागे हातात घेतले. तिच्या गाठी माझ्याहून घट्ट आल्या.

खाली उतरवून जमिनीवर अंथरली. बरोबर त्याच्याएवढी. मी हात फिरवला. खूप वेळ फिरवला. मिथुनने पोरांना बाहेर काढलं, मला एकटीला राहू दिलं. वाटलं होतं, हाताला काहीतरी कळेल. नाही कळलं, थकले होते म्हणून असेल.

दुपारपर्यंत माग सुटा करून भिंतीला लावला. त्या जागी आता मूर्ती आहे.

अमावास्येला, सत्तावीस तारखेला, सकाळी ओहोटीला. वडखळवरून धरमतरच्या पुलाकडे यायचं, पुलाच्या अलीकडे खाली काठावर. गुरुजी, ठमाबाई आणि मी असू. सदरे आणू नकोस. मंगळसूत्र घालून ये. नुसती ये.

मैना

*

रोहा, २९ एप्रिल २०२५

ती. आईंस,

मी आले होते.

दुकानात खोटं सांगून पहाटेची एसटी धरली. वडखळला उतरले, तिथून मिनीडोर. पुलाच्या अलीकडे उतरायचं होतं, पण माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. मिनीडोर पुलावर गेली तेव्हा ओरडले. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, इथं कुठं उतरता?" उतरले आणि कठड्याला धरून उभी राहिले.

सगळं दिसत होतं. गुरुजी छत्री धरून होते. तुम्ही सतरंजी खांद्यावर टाकून आणलीत. गवताचं काहीतरी होतं त्यावर तुम्ही ती गुंडाळलीत, लहान मुलाला गुंडाळतात तशी, आधी पाय आत घेऊन. मी खाली यायला निघाले होते. खरंच निघाले होते. पण मला वाटलं, इथूनच बघते. बघितलं की पटेल.

तुम्ही पेटवलंत. मी डोळे मिटले नाहीत. मागून गाड्या जात होत्या, पूल हलत होता. आई, मला एक सतरंजी जळताना दिसली. बाकी काही दिसलं नाही. त्यात ते नव्हते. मी खूप प्रयत्न केला. मग मी तुमच्याकडे बघत राहिले, की तुम्हाला तरी दिसतंय का. तुम्ही तोंडाला पदर लावला होता. त्यामुळे कळलं नाही.

आता एक विचारते. नागोठण्याचे लोक पुन्हा निरोप पाठवतायत. माझ्या आईने जेवण सोडलं आहे. मला माझं काही समजेनासं झालं आहे. तुम्ही कधी खोटं बोलत नाही. हे नेहमी म्हणायचे, "आमच्या आईला खोटं बोलता येत नाही, म्हणून तिला बाजारात कोणी नेत नाही." तर तुम्ही सांगा. तुम्हाला ते दिसले का त्यात? तुमच्या हाताला कळलं का?

तुम्ही हो म्हणालात तर मी मंगळसूत्र काढून ठेवीन. स्वतःला विचारणार नाही, भगताला विचारणार नाही. तुमच्या शब्दावर काढीन.

सौ. निशिगंधा

*

गडब, ८ मे २०२५

चि. सौ. निशिगंधास,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी उत्तर लिहिलं. त्यात हो लिहिलं होतं. पाकीट बंद केलं, पेणच्या पोस्टापर्यंत नेलं आणि परत आणलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. दोन्ही पाकिटं चुलीत घातली. तुझ्या आईने जेवण सोडलं आहे, तुझं आयुष्य पुढे आहे, एका शब्दाचं काम आहे, हे सगळं मला कळतं. शेजारच्या बायजाला कारण न सांगता नुसतं विचारलं, एखादीचं भलं होत असेल तर खोटं बोलावं का? ती म्हणाली, "बोलावं की. तुला जमायचा नाय पण."

मलाही सतरंजीच जळताना दिसली.

विणताना वाटत होतं, पुरी होऊ दे, मग कळेल. पुरी झाली तेव्हा वाटलं, पेटेल तेव्हा कळेल. पेटल्यावर मी पदर लावला तो रडायला नाही. रडू येत नव्हतं म्हणून लावला. गुरुजी मंत्र म्हणत होते आणि मी मनात म्हणत होते, अरे दिनेश, असलास यात तर एकदा कळू दे. तो गेला हे मला आजही ठाऊक आहे. पण ते दोन माणसांनी सांगितलं म्हणून ठाऊक आहे. हाताला काही कळलं नाही. कपडे कपडेच राहिले. तुला दोष देत होते, की तुझ्या हाताला पटत नाही. माझ्याही नाही पटलं.

अजून एक राहिलं आहे, तेही लिहिते. सुती सगळं जळून राख झालं. पायाकडची वर्दी जळली नाही. ती वितळली आणि आकसून तिचा काळा गोळा झाला, फेसासारखा, आत पोकळ. गुरुजी गेल्यावर मी आणि ठमाबाई तो काठीने हलवत बसलो. अस्थी म्हणून राखेत उचलण्यासारखं तेवढंच होतं. ठमाबाई म्हणाली, "सोड गो, हेच त्याचा समज." ओहोटीच्या पाण्यात सोडला. तो बुडाला नाही. तरंगत दिसेनासा झाला.

ठमाबाई गेली, मी तिथेच बसले. दुपारी भरती चढली आणि तो गोळा परत काठाला आला. माझ्यासमोरच्या चिखलात लागला. दीड वर्ष मी त्या खाडीला म्हणत होते, काहीतरी परत दे.

पुन्हा सोडवेना. पदरात घेऊन आले. घरात घेववत नाही, कारण तो दिनेश नाही. टाकवत नाही. पायरीवर ठेवला आहे, येता-जाता पायाखाली येऊ नये म्हणून बाजूला.

तू हो की नाही विचारलंस. मला हो म्हणता आलं नाही. माझ्या शब्दावर काही काढू नकोस आणि काही ठेवू नकोस. जेवत जा.

मैना